ओस्त्रावा, बुटांची खिडकी

सकाळी नाही, पाळी संपल्यावर ये.
दिवसभर उभं राहून पाय फुगतात,
खरं माप तेव्हाच कळतं.
आणि भट्टीपुढचेच मोजे घाल, जाड लोकरीचे.

ठेव पाय फळीवर. उजवा जरा मोठा आहे,
सगळ्यांचा एक असतोच. मोठ्याचं ऐकायचं.
घालून घालून सैल होईल, काका म्हणाला?
पोलादी टोपण सैल होत नाही, पोरा.

नाड्या नाहीत म्हणून हसू नकोस.
वितळलेलं लोखंड आत शिरलं
तर गाठ सोडायला सवड कुणाला?
पाय झटकायचा:
बूट तिकडे, तू इकडे.
विजार बुटावरून. खोचायची नाही.

ओले झाले तर वर्तमानपत्र कोंब.
भट्टीशी वाळवू नकोस,
कातडं तडकतं, आधी आतून.

हा एकटा डावा बघतोयस ना?
ल्युबोमीरचा. साच्याची चौकट पडली यावर,
पाचही बोटं शाबूत निघाली.
बिअर पाजली त्याने सगळ्यांना.
सोमवारी पॉलिश करून तोच घालून आला.
एकदा मार खाल्लेलं टोपण
दुसऱ्यांदा वाचवत नाही,
हे मला ठाऊक होतं.
नव्या जोडाला तीन सह्या लागायच्या,
आणि खिडकीपुढे रांग होती.

असो.

चाल चार पावलं.
माझ्याकडे नको बघू.
सांग,
कुठे लागतंय?