सोडलेली ओळ

साडेतीनलाच अंधारलं. कोपनहेगनच्या खिडक्यांत
मेणबत्त्या लागल्या, पुलावरून सायकलींचे दिवे वाहू लागले.
सोल्वायला पत्ता नाही.
ती तळघरात, पंपाच्या ठक्-फुस्स ठेक्यावर.
सकाळचा पाव डब्यात तसाच, हेरिंगसकट.

नळकांड्याच्या पोटात अशी थंडी
की तिच्यापुढे बाहेरचा बर्फ म्हणजे दुलई:
निरपेक्ष शून्याच्या वर फक्त चार पायऱ्या.
त्या थंडीत एक चकती, नखाच्या कोरीएवढी.
चकतीवर झुलते पूल, केसाहून कितीतरी बारीक.
पुलांना भोकं. ओळीनं, नेमानं,
जणू कुणी रांगोळीचे ठिपके काढलेत
आणि मधली एक ओळ
मुद्दाम सोडून दिलीय.

ती सोडलेली ओळ हाच रस्ता.
भोकांच्या गर्दीत प्रकाशाला पाऊल टाकता येत नाही,
मग निमूट तो न काढलेल्या ओळीतून चालतो.
कडेची भोकं जरा सरकवली
की चालही मंदावते; रेंगाळतो,
चपला घालूनही दारात बोलत राहणाऱ्या पाहुण्यासारखा.

आता ठिपका. खरा.
हजारो अणूंचा ढिगुला,
जो कुणी मांडत नाही. स्फटिक वाढताना
तो स्वतःच्या मर्जीनं कुठेही बसतो.
आपण पूल कोरायचा
आणि तो वाटेतच असेल अशी आशा करायची.
एकशे बारा पूल झाले.
कुठे ठिपका पार कडेला, कुठे दोघं दाटीवाटीनं,
एक तर डोळे मिचकावणारा, बिनभरवशाचा.
हेलियमचा हिशेब ठेवणारा टोर्किल्ड म्हणाला होता,
"मासे असेच लागतात, पोरी. माझा बाप
अख्खा जन्म लिमफ्योर्डवर बसून होता."

एकशे तेरावा.
लेझरचा एक टोला, उत्तरादाखल एक कण.
पुन्हा टोला, पुन्हा एकच.
सोल्वाय मोजते. खोडते. पुन्हा मोजते.
आरशांतली, तंतूतली गळती हिशेबात धरते.
शंभरातले अठ्ठ्याण्णव
वाटेला लागले.

आईला फोन. बोदिल, तिकडे गेडसरला,
जिथे देश संपून नुसतं पाणी उरतं,
जाळ्यात आलेल्या पाखरांच्या पायात
पस्तीस वर्षं ॲल्युमिनियमची कडी घालतेय.
शंभरांना घालावी
तेव्हा एखाद्याची, फार तर दोघांची खबर येते:
हंगेरीतल्या शाळकरी मुलाचं पत्र,
माल्टाहून पाकिटात नुसती कडी.

"अठ्ठ्याण्णव," सोल्वाय म्हणते.
आई बराच वेळ गप्प. मागे वारा,
अंगणात जाळ्यांच्या काठ्या खडखडतात.
मग विचारते, "आणि ते दोन?"

सोल्वाय हसते. मग नाही हसत.
ठक्. फुस्स.
पुलाच्या पाठीवरून वर कुठेतरी उडाले असतील,
नळकांड्याच्या काळ्या भिंतीपर्यंत,
पायात काही नसलेले.

ती वहीत आकडा लिहिते.
खाली एक ओळ सोडते.
मग डबा उघडते; पाव कडक झालाय,
तरी खाते.