काळी चौकट

चर्नी रोडच्या सरकारी छापखान्यात
रात्री पावणेबाराला मजकूर आला.
मंत्रालयातला शिपाई, हेल्मेट काखेत:
"असाधारण राजपत्र. चारशे प्रती. पहाटे पाचच्या आत."
पाणी प्यायला, मग आठवल्यासारखं म्हणाला,
"चौकट काळी."

चौकटीचं ठरलेलं आहे. सहा पॉइंटची रेघ, कोपरे जुळलेले.
कोपऱ्यातून पांढरं दिसता कामा नये,
एवढंच मला एकोणतीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं.

मी मुद्रितशोधक. अर्थाशी माझा संबंध नाही.
'भ्याड हल्ला': बरोबर.
'तीव्र निषेध': पहिली वेलांटी दुसरी, बरोबर.
'कटिबद्ध': इथं हटकून चुकतात, आज चुकले नव्हते.
'दोषींची गय केली जाणार नाही.'
कर्मणी प्रयोग. कर्ता कुठे गेला, ते विचारायचं नसतं.
शुद्धलेखनाच्या दृष्टीनं वाक्य निर्दोष आहे.

आकड्याची जागा कोरी होती.
दर अर्ध्या तासानं फोन वाजायचा
आणि मी पेन्सिलीनं लिहायची, खोडायची.
एकोणीस. बावीस. बावीसच. तेवीस.
तेवढ्या जागेवर कागदाला लव आली.

मग परिशिष्ट अ, नावांची यादी.
यंत्रावरचा मार्शल माझ्या खांद्यामागे येऊन उभा राहिला.
तो कधी असा उभा राहत नाही.
अनुक्रमांक चौदा: ग्लेन इनास रुमाल, वय एकवीस, रा. वसई.
"ल नाही," तो म्हणाला. "व.
रुमाव."
समासात मी लाल पेनानं व काढला.
पहिली पाच वर्षं सोडली तर माझं अक्षर कधी हललं नव्हतं.
"तुझा कोण?"
"धाकट्याचा मुलगा," म्हणाला. "शाई घट्ट झालीय, बघतो."

घरी जा म्हटलं, तर यंत्राच्या आवाजावरून ओरडला,
"बॉडी दहाला देणार! तोवर घरी काय करू?"

चार वाजता, गठ्ठे रचून झाल्यावर
मला ती चूक दिसली.
'मृताच्या कुटुंबीयांच्या दुःखात शासन सहभागी आहे.'
अनुस्वार नाही.
तीनदा वाचलं होतं मी. तिन्ही वेळा
डोळ्यांनी ते टिंब स्वतःच्या खिशातून देऊन टाकलं होतं.
तेवीस माणसांतली बावीस
एका टिंबावाचून जिवंत राहिली होती.

पुन्हा छापायला वेळ नव्हता.
दोन काळी पेनं घेऊन आम्ही समोरासमोर बसलो.
एकेक प्रत ओढायची,
ता-च्या डोक्यावर एक टिंब.
टेकवायचं, दाबायचं नाही, कागद पसरवतो.
पंगतीत मीठ वाढत जावं तसं
न बोलता, पुढे, पुढे.
बाहेरून एक ॲम्ब्युलन्स गेली, भोंगा बंद,
घाई नसलेली.

मार्शलची टिंबं माझ्यापेक्षा गोल येत होती.
शेवटच्या गठ्ठ्यात त्याचा हात थांबला.
समोरची प्रत त्यानं वाचली,
पूर्ण वाचली, 'शासन सहभागी आहे' पर्यंत.
पेनाला टोपण लावलं.
ती एक प्रत तशीच,
टिंबाशिवाय,
घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.
चौकट कुठेतरी दुमडणारच होती.

पाचला शिपाई आला. मोजून घेतल्या.
तीनशे नव्व्याण्णव.
नोंदवहीत मी लिहिलं: एक प्रत खराब.
मग 'खराब' खोडलं, आद्याक्षरी केली
आणि वर लिहिलं: पोचती.

शिपाई गठ्ठा उचलताना म्हणाला,
"वाळलंय ना सगळं?"

छापलेलं वाळलंय, म्हटलं.
टिंबं ओली आहेत.
बोट लावू नकोस.