भिजवण

निळं पिंप, मधोमध उभं चिरलेलं.
त्यात जस्ताची पांढरी पूड
काठीनं ढवळत बसलीय बुआफान.
शाबूकंदाचं बेणं, वीतभर कांड्या,
पंचवीसची एक मोळी. बुडव.
पंधरा मिनिटं.

घड्याळ बंद आहे.
चुलीवर चिकट भात वाफेला लावलाय;
तो टोपलीत उलथायची वेळ झाली
की मोळी वर.

बांबूच्या बाजेवरून सासू, थोंगयुन :
आमच्या वेळी नुसती खुपसली तरी रुजायची.
रुजायची, आई.
तेव्हा माती मुठीत राहायची.

तरी एक ओळ कोरडीच लावली,
रस्त्याकडेला, म्हातारीच्या नावाची.

रात्री रायोंगहून मुलीचा फोन.
कारखान्यात आठवडा झाला,
अजून कुणाशी बोलत नाही म्हणाली.
जेवलीस का? एवढंच सुचलं बुआफानला.
मग दोघी बराच वेळ
फोन धरून गप्प.

अठराव्या दिवशी सासू-सून वाकून बघतात.
भिजल्या कांड्यांचे डोळे फुटलेत,
तांबडे देठ, ओली चिमुकली पानं.
कोरडी ओळ अजून विचारात.

थोंगयुन त्यातली एक उपसते,
पदर नाही, लुंगीच्या काठानं पुसते,
डोळ्यांजवळ नेऊन फिरवते.
"ही तू उलटी लावलीयेस," म्हणते
आणि सुलटी करून खोचते.