भाग क्रमांक १८७

सकाळी अंगणवाडी, दुपारनंतर यादी.
जनता वसाहतीचा चढ चढताना
मी पायऱ्या मोजत नाही, अनुक्रमांक मोजते.

चारशे बारा, कुचेकर हौसाबाई भिकू.
चारशे एकोणीस, कुचेकर हौसाबाई भिकाजी.
घर तेच, वय तेच,
दोन्ही फोटोंत हनुवटीवर तेच गोंदण.
"एकच हाय मी," ती पिठाच्या हातानं म्हणाली,
"कामाला तेवढी दोघींची."
एकीवर रेघ मारली.
उरलेली भाकरी थापत बसली.

मंजाळकर काकांचं वय एकशे एकोणपन्नास.
कुठल्याशा टेबलावर एक आकडा जास्तीचा पडला
आणि काका अख्ख्या गल्लीचे पणजोबा झाले.
दुरुस्तीचा फॉर्म भरताना जरा हळहळले.

नबीलाल शिकलगारांनी मात्र
ट्रंकेतून दाखला काढला आणि हातातच ठेवला.
"राहू दे की ताई हिचं नाव, यंदापुरतं.
मत टाकून आली की
बोटाची शाई जाऊ नये म्हणून
दोन दिवस भांडी मला घासायला लावायची."
दाराशी धार लावायचं चाक उभं, गप्प.
मी काय सांगणार?
की माणूस गेल्यावर नाव उघडं राहिलं
तर त्यातून कुणीही आत येतं?
सात नंबरचा फॉर्म गुडघ्यावर ठेवून लिहिला.
त्यांच्या अंगठ्याला शाई लागली,
ती त्यांनी पुसली नाही.

खोडणं किती सोपं असतं
ते मला सुकेशनी ओव्हाळनं शिकवलं.
तीनदा गेले, तीनदा कुलूप.
शेजारीण म्हणाली, गेली असंल सासरला.
मी लिहिलं, स्थलांतरित.
अक्षरसुद्धा छान आलं होतं.
ती हॉस्पिटलात रात्रपाळीला होती,
दिवसा आईकडे झोपायची, दोन गल्ल्या सोडून.
मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी
माझ्याच टेबलासमोर कार्ड धरून उभी राहिली.
मी पान उलटलं. पुन्हा उलटलं.
तिच्यामागे रांग होती, रांगेवर ऊन.
भांडली असती तर बरं झालं असतं.
"मी हाय ना पण," एवढंच म्हणाली,
आणि घरी गेली, झोपायला.

यंदा सहा नंबरचा फॉर्म घेऊन
पहिलं दार तिचंच.
जन्मतारीख सांगितली. चहाचं विचारलं नाही.

आता सहाशे सहा. कुलूप.
एक म्हणतो, आंबेगावला बिल्डिंगीत गेले.
दुसरा म्हणतो, परवाच तर पाणी भरताना दिसले.
खाली कालव्याकडचे दिवे लागलेत,
घरी सकाळची डाळ भिजून फुगली असेल.
पेन पिशवीत टाकते, पेन्सिल काढते,
नावापुढे बारीक लिहिते:
रात्री साडेनऊनंतर. पुन्हा.