बोट ठेवायला जागा

झाओवेलो थडग्यांकडे बोट दाखवत नाही.
बोट मुडपून, सांध्याच्या गाठीनं दिशा सांगतो:
तिकडे राजे निजलेत,
आणि तिकडे, त्या चुनखडीच्या कंगोऱ्याखाली,
ती.

पाल म्हणावी तर अंगभर मासळीचे खवले.
मासळी म्हणावी तर सालीला चिकटलेली,
रात्री सव्वानऊला, कपाळावरच्या दिव्याच्या गोलात.
हलतं ते फक्त गळ्याखालचं कातडं.

हात लावायचा नाही.
हात लावला की ही कातडीच टाकून पळते,
तुमच्या चिमटीत उरतो चांदीचा भुगा,
आणि एक गुलाबी, उघडी, संतापलेली गोष्ट
फटीत शिरताना दिसते.
दोन मोसमांत मला सहा मिळाल्या. सहाही सोललेल्या.
खवले मोजू कुणाचे?
जिच्या अंगावर बोट ठेवायलाच जागा नाही
तिच्यातलं उणं-अधिक काढू कसं?

त्याआधी झाओवेलोनं दगडावर घोटभर रम ओतली होती
आणि खालच्या मंडळींना कळवलं होतं:
मुलगी राजधानीची आहे, बरी आहे,
प्रश्न फार विचारते.

कापूस, फुंकर, प्लास्टिकच्या पिशवीची कड.
सातवी अख्खी मिळाली.

सुईबद्दल मी लिहिणार नाही.
वहीत फक्त वेळ आहे, बारा चाळीस,
आणि पुढे शाईचा एक ठिपका, जो कशाचीच खूण नाही.

मग शहर, तिसरा मजला, सूक्ष्मदर्शक.
खाली चढावर गाड्या खोळंबलेल्या,
मदाम ओलिविन कपाटातल्या बरण्यांची धूळ पुसतायत.
कमरेभोवती खवल्यांच्या ओळी: सत्तावीस.
पुन्हा मोजल्या: सव्वीस.
कॉफी.
सत्तावीस.
नवी जात की जुनीचीच चुलत बहीण?
मनात शंकेची पाल चुकचुकत राहते,
खरी पाल बशीत गप्प.

आमच्या शास्त्रात रंग दोनदा लिहायचा असतो.
अल्कोहोलमध्ये: करडा. एका शब्दात संपतो.
जिवंतपणी: भिजलेल्या राखेचा, कानामागे तांबूस,
आणि पाठीवर, दिवा थोडा बाजूला गेला तेव्हा,
एक रंग, जो माझ्या तक्त्यात नव्हता.
तक्त्यात नसलेलं लिहिता येत नाही.
मी लिहिलं, "फिकट."

नावासाठी प्राध्यापकांनी एक देणगीदार सुचवला.
मी झाओवेलोला फोन लावला.
टेकडीवर चढला तेव्हा कुठे आवाज आला.
"तुमच्यात हिला काय म्हणतात?"
"आम्ही कुणाला नावं ठेवत नाही," तो हसला,
मग थांबला. वारा ऐकू येत होता.

"आजोबा म्हणायचे, सदरा टाकून जाणारी.
शिपाई गुहांत शिरले तेव्हा
आमची माणसं अशीच निसटली,
शिपायांच्या मुठीत नुसते सदरे."
आणि जरा वेळानं, हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं:
"शिपाई तुमच्या शहराचे होते."

मी काही बोलले नाही.
त्यानं विचारलं, पाऊस झाला का तिकडे.
नाही म्हटलं.

रात्रभर खिडकी उघडी होती.
दिव्याभोवती घरातली साधी पाल, हजारदा वर्णन झालेली,
पाखरं टिपत होती.
मी तिच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

आता सगळं लिहून झालंय.
लांबी बासष्ट मिलिमीटर. शेपूट अखंड.
बोटांखालच्या पट्ट्या, डोळ्याची उभी बाहुली,
सख्ख्या जातींपासूनचे फरक, क्रमानं.
नावाच्या जागी त्यांच्या बोलीतला शब्द आहे,
शेवटी लॅटिनचं शेपूट लावलेलं.
ओढलं तर तेही तुटेल.

एवढंच अडलंय:
संपादक परवान्याचा क्रमांक मागतात.
एक मंत्रालयाचा आहे, निळ्या शिक्क्याचा, तो दिला.
दुसरा दगडावर ओतला होता.
त्याच्यासाठी त्यांच्या अर्जात रकाना नाही.