दुसरी पंगत

खारीक आधी जेवायचा.
हा नियम आम्ही घातलेला नव्हता.
तो वाडग्यात तोंड घालायचा, आणि सुंठ
हातभर लांब, शेपटी पायाभोवती गुंडाळून
भिंतीकडे बघत बसायची,
लग्नघरातल्या बायका दुसऱ्या पंगतीला थांबतात तशी.
तो मिशा चाटत उठला, की मग ही.
सात वर्षं.

मंगळवारी पहाटे तो गेला. मूत्रपिंडं.
रुवीत भाड्याच्या घराला माती नसते,
तिसऱ्या मजल्यावर तर नाहीच.
खालच्या रहीमदादने गाडी काढली.
आमेरातचा घाट उतरून, एका कोरड्या वादीच्या काठाशी
आम्ही पहारीने खणलं,
खणलं म्हणजे दगड वेचले.
तो बलुचीत काहीतरी पुटपुटला. मी विचारलं नाही.
येताना पंपावर त्याने दोन चहा घेतले,
पैसे देऊ दिले नाहीत.

घरी सुंठ दारातच.
पिशवीत डोकं घालून तिने हुंगलं, किती तरी वेळ.
पिशवी रिकामी होती
माझ्यासाठी.

मग शोध.
वॉशिंग मशीनच्या मागे. पलंगाखाली,
ऋजुताच्या जुन्या दप्तरात.
एसीच्या थेंबांची बादली असते त्या बाल्कनीच्या कोपऱ्यात,
जिथे जूनमध्ये रात्रीही पाय भाजतात.
दर खोलीत एकेक हाक, प्रश्नाच्या सुरात,
आणि उत्तरासाठी थांबणं.

डॉक्टर इहसान खार्तूमच्या. सावकाश बोलतात.
म्हणाल्या, शोधू दे तिला, अडवू नका.
त्याचा टॉवेल धुऊ नका.
जेवणाच्या वेळा त्याच ठेवा, दिवा बंद करायचीही तीच.
दुसरं मांजर? इतक्यात नको.
आणि उद्यापर्यंत नाही खाल्लं, तर घेऊन या.
मी सगळं बिलाच्या मागे लिहून घेतलं.
टॉवेल धुऊ नका, याच्याखाली
दोनदा रेघ मारली.

वाडगं भरलेलं. ही हातभर लांब.
ट्यूना आणला, कोमट करून दिला,
बोटावर घेऊन ओठांना लावला.
तिने बोट चाटलं नाही, पण ढकललंही नाही.
भिंतीकडे बघत राहिली.

रात्री कुडाळहून ऋजुताचा फोन.
दहावीसाठी दोघी तिकडे गेल्या, त्याला वर्ष झालं.
चार दिवस मी कॅमेरा फक्त सुंठवर धरत होतो,
खारीक आत झोपलाय म्हणून सांगत होतो.
ती म्हणाली, बाबा, मला कळलंय.
खिडकीत ती अर्ध्याच कट्ट्यावर बसते.
अर्धा कोणासाठी सोडते?

मला बोलता येईना.
मागे तिची आई कुकरची शिट्टी काढत होती.
मी म्हणालो, ही काहीच खात नाही गं.

तो उठल्याशिवाय कशी खाईल?
आणि लगेच, त्याच दमात,
तुम्ही जेवलात?

मी ओट्याशी उभं राहून जेवतो, वर्षभर.
पातेल्यातूनच, कधी झाकणावर घेऊन.
त्या रात्री ताट वाढलं. वरणभात, लिंबू, 
मीठसुद्धा वाढलं डावीकडे.
फरशीवर मांडी घातली, वाडग्याला गुडघा टेकेल असा,
बरोबर त्याच्या जागी.
सुंठचा एक कान वळला.
मी जेवत होतो. तिच्याकडे बघितलं नाही,
तोही कधी बघायचा नाही.
ताटातला शेवटचा घास निपटला
आणि, हसा हवं तर,
मिशा पुसून उठलो.

पाठमोरा नळाखाली हात धरून उभा होतो
तेव्हा मागे आवाज आला,
दाताखाली दाणा फुटल्याचा.
एक. बराच वेळ काही नाही. मग दुसरा.
मी नळ तसाच सोडून
मोजत राहिलो.
अकरा.

टॉवेल अजून तसाच आहे, कट्ट्याच्या त्या अर्ध्यावर.
काल तिने त्याच्यावर एक पाय ठेवला.
काढून घेतला.