पुसू नये

खोली क्रमांक दोनशे चौदा.
फळ्याच्या कोपऱ्यात, चौकोनात कोंडून,
मिसेस प्रुइट लिहून जातात: पुसू नये.
म्हणून मी बाकीचं सगळं पुसतो,
फरशी, बाकांखालचं च्युइंगम, काचांवर दाबलेली नाकं,
आणि वीस शब्द तेवढे राहतात
सोमवार ते शुक्रवार.

सातवीचे शब्द. माझा आल्सन सातवीतच आहे,
तिसऱ्या रांगेत, हीटरच्या शेजारी.
त्याच्या बाकावर फडकं जरा जास्त वेळ फिरतं,
इतकंच.

स्प्रिंगडेलला आल्यावर सहा वर्षं कोंबड्यांच्या कारखान्यात होतो.
तिथे इंग्रजीचे चार शब्द पुरायचे:
चल, थांब, पुढचा, सॉरी.
मग मनगट गेलं, आणि ही झाडू-बादलीची रात्रपाळी आली,
आणि तिच्यासोबत, फुकटात,
रिलक्टंट. मेटिक्युलस. युबिक्विटस.

मेटिक्युलस दोन रात्रींत जमला.
तो आधीपासून हातातच होता,
जाळ्याची गाठ सैल राहिली की
बाप टपली मारायचा, तेव्हापासून.
रिलक्टंटला वेळ लागला. जिभेवर यायलाच तयार नव्हता.
(हा विनोद मला मंगळवारी रात्री अडीचला सुचला.
सांगायला फक्त व्हॅक्यूम क्लीनर होता.)

आमच्या अर्नो बेटावर याक्वे म्हटलं की
ये झालं, जा झालं, जीव लावला तेही झालं.
एक शब्द, तिघांचं काम करणारा.
इथे एकेका कामाला वीस जण,
ज्याची त्याची टोपी वेगळी,
आणि वर ती न वाजणारी अक्षरं,
हजेरीपटावर असून कामाला न येणारी.

शुक्रवारी टोपलीत एक चोळामोळा कागद.
मी कागद उघडत नाही. हा माझा नियम आहे.
अक्षर ओळखीचं होतं, म्हणून उघडला.
दिलेला शब्द वाक्यात वापरा. सातवा: इनकन्स्पिक्युअस.
‘रात्री आमची शाळा साफ करणारा माणूस
इनकन्स्पिक्युअस आहे.’
शेजारी लाल खूण. बरोबर.

बरोबरच आहे.
अर्थ मला सोमवारपासून ठाऊक होता:
डोळ्यांसमोर असून डोळ्यांत न भरणारा.
फक्त स्पेलिंगमधला एक यू राहिला होता,
बाईंच्या नजरेतून सुटलेला.
मी खिशातून पेन काढलं. परत ठेवलं.

लाज वाटली म्हणून लिहिलं,
की कुणाला तरी सांगायचं होतं म्हणून,
की नुसतं एक वाक्य हवं होतं आणि घंटा होत आली होती,
लाल खुणेला यातलं काही विचारता येत नाही.
आणि फेकला का?
वीसपैकी एकोणीस होते.

सकाळी साडेसहा. त्याची आई कधीच कारखान्यात गेलेली.
टेबलावर दूध, कालचा भात, डब्यातल्या मांसाचे दोन काप.
तो मान खाली घालून खात होता.
मी म्हणालो, नाडी बांध.
मग म्हणालो, ‘या गावात कोंबडीची पिसं
युबिक्विटस आहेत.
माझ्या कानातून अजून निघतात.’

चमचा थांबला.
‘हा कुठे शिकलास?’
मी दूध पुढे सरकवलं.
‘फळ्यावर होता. पुसू नये म्हणून लिहिलं होतं.’

बराच वेळ तो नाडीच बांधत बसला.
एक बूट. मग दुसरा, जो सुटलेलाच नव्हता.
बस वळणावर दिसली तेव्हा,
रिलक्टंट (इथे हाच शब्द, दुसरा चालणार नाही),
त्याने दारातून विचारलं,
इनकन्स्पिक्युअसमध्ये यू किती?

दोन, मी म्हणालो.
एक ऐकू येत नाही.